काकीसाहेबांचा आहेर

काकीसाहेब कुणाच्याही घरी गेल्या की बैठकीत टेकण्याआधी सरळ स्वयंपाकघरात शिरायच्या. डब्यांची झाकणं उचलून बघायच्या, मांडणीवरून एक नजर फिरवायच्या आणि मग बाहेर येऊन म्हणायच्या, "हं, आता चहा चालेल." माझं लग्न नवं होतं तेव्हा आमच्या बिऱ्हाडातही त्यांनी हेच केलं. माझी बायको दारातच थिजली. आतून आवाज आला, "अगं, घरात चाळणी नाही? मग पीठ काय फुंकून घेतेस?"

चाळणी नव्हती, हे खरंच होतं. आमच्या लग्नात भिंतीवरची घड्याळं इतकी आली होती की एकेका खोलीत वेगवेगळी वेळ असायची. पण चाळणी, झारा, पोळपाट यांपैकी काही नाही. बायको रडली. मी तावातावानं आईकडे गेलो आणि विचारलं, "ही बाई आपली लागते तरी कोण?" आई म्हणाली, "कोणीच नाही. म्हणून तर खरं बोलते."

काकीसाहेब आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहत. जातीनं मराठा. त्यांचे पूर्वज दक्षिणेतून भाला घेऊन आमच्या या संस्थानी शहरात, लष्कर म्हणतात त्या भागात आले, आमचे लेखणी घेऊन. त्यामुळे धिटाई त्यांच्याकडे पिढीजात आणि भीड आमच्याकडे. यजमान संस्थानच्या घोडदळात होते, ते तरुणपणीच गेले. तेव्हापासून कपाळ मोकळं, अंगावर पांढुरकं लुगडं आणि तोंडात अर्धी मराठी, अर्धी हिंदी. "मागितल्यानं माणूस छोटा होत नाही," असं त्या म्हणत, "न बोलल्यानं मात्र घरात घड्याळं येतात." हे बोलताना माझ्याकडे बघायच्या. त्या जाऊन आता बरीच वर्षं झाली, आणि मीच पन्नाशी ओलांडली; पण त्यांच्या नावासरशी आजही माझे कान आधी तापतात, हसू मागून येतं.

माझ्या धाकट्या बहिणीचं, कुसुमचं लग्न ठरलं ते दिवस मोठ्या उलथापालथीचे. संस्थान गेलं होतं, त्याचा मध्यभारत झाला होता, आता तोही मोडून मध्यप्रदेश झाला. कचेऱ्या गोण्यांत भरून भोपाळला चालल्या होत्या. नवरा मुलगा नागपूरचा. तोही आपल्या फायलींबरोबर भोपाळला येऊन पडला होता. त्यानं प्रामाणिकपणे कळवलं की सरकारी क्वार्टर मिळालंय, त्यात चार भिंती आणि एक नळ आहे. काकीसाहेब म्हणाल्या, "नळ आहे ना? बाकीचं बघू."

अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या कचेरीत तोवर सगळ्या मुलखांची माणसं भरली होती, आणि प्रत्येकाची द्यायची रीत निराळी. आपल्यात खणसाडी, नाव घातलेलं भांडं आणि भर मंडपात आहेराचा पुकारा. पंजाबी मंडळींचा शगुन पाकिटातून. चौबेजींसारख्या इथल्या जुन्या मंडळींत वधूवरांचे पाय पखारायचे, म्हणजे धुवायचे, आणि मग हातात वस्तू द्यायची. ज्याला दुसऱ्याची रीत कळत नाही तो शेवटी घड्याळ देतो, असा काकीसाहेबांचा सिद्धान्त होता. म्हणून त्यांनी ठरवलं की कुसुमच्या संसाराला काय काय लागेल त्याची यादी करायची, आणि कुणी काय आणायचं ते घरोघर जाऊन सांगायचं.

अण्णा उडालेच. "दारोदार फिरून आहेर मागायचा? अजून माझी नोकरी गेलेली नाही, काकीसाहेब!"

"मागायचा नाही, सांगायचा. तुम्ही कचेरीत तेच करता ना दिवसभर?"

शेवटी अण्णांनी एक अट घातली. कुणी भीक समजू नये म्हणून घरातला एक पुरुष बरोबर असावा. तो पुरुष मी. फरक एवढाच पडला की मागणारे एकाऐवजी दोघे दिसू लागले.

इंदरगंजच्या चौकात एका सरदारजींचं सायकलींचं दुकान होतं. फाळणीत सगळं गमावून आलेले, अण्णांच्या ओळखीचे. मी आत न जाता एक सायकल विकत घ्यायची असल्यासारखी तिची घंटी वाजवून बघत राहिलो. आत काकीसाहेब खणखणीत आवाजात म्हणाल्या, "सरदारजी, लिफाफा मत दीजिए. बाल्टी दीजिए. पीतल की, बड़ी."

"बीबीजी, शादी में बाल्टी?"

"क्यों? लड़की नहाएगी नहीं क्या?"

माझ्या हातातली घंटी वाजतच राहिली. सरदारजी मात्र डोळ्यांत पाणी येईतो हसले. म्हणाले, "पहली बार किसी ने बताया. हम इधर नए हैं जी, समझ ही नहीं आता आप लोगों को क्या दें." वाटेत काकीसाहेब मला म्हणाल्या, "संकोच उतरला की सायकल घे एखादी. पायी फार हळू चालतोस."

हजीरा मोहल्ल्यात खाँसाहेबांकडे गेलो तेव्हा मात्र मला सायकल नव्हती लपायला. अण्णांच्या टेबलाशेजारी कितीएक वर्षं त्यांचं टेबल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "काकीसाहेब, हमारे हाथ का बरतन आपकी रसोई में चलेगा?"

मी चपलांकडे बघू लागलो. आमच्या घरातलं उत्तर मला ठाऊक होतं. खाँसाहेब आले की त्यांचा कप कुठून काढला जातो आणि परत कुठे ठेवला जातो, हेही ठाऊक होतं. त्यांना ते ठाऊक असेल, हे मात्र त्या क्षणापर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

काकीसाहेब म्हणाल्या, "आपके नाम कलसी लिखी है. पीने के पानी की."

खाँसाहेब उठले. आत जाऊन स्वतः सरबत घेऊन आले. परतताना मी म्हटलं, "आत्या काय म्हणेल?" माझी आत्या म्हणजे आमच्या घरचं उच्च न्यायालय. काकीसाहेब म्हणाल्या, "आत्या राहायला चाललीय का भोपाळला?"

यादी भरत आली. परात चौबेजींकडे गेली, बादली, कलसी, पातेली, सगळं मार्गी लागलं. तवा राहिला. लग्नात लोखंड द्यायला कुणी तयार होईना. सरदारजींनीसुद्धा कानाला हात लावला. काकीसाहेब म्हणाल्या, "लिही. तवा, माझ्या नावावर."

"काकीसाहेब, पण लोखंड..."

"अरे, माझ्या हातून तसंही शुभ काय जाणार? दोन्ही अशुभं एका जागी जाऊ देत, बाकीच्यांचं सामान सुखरूप राहील." भाजीचा भाव सांगावा तशा त्या बोलल्या. मीही भाजीचा भाव टिपावा तसं टिपून घेतलं.

लग्न लष्करातल्या एका धर्मशाळेत झालं. काकीसाहेब पहाटेपासून मागच्या बाजूला, चुलींपाशी. विधवेनं मंडपात यायचं नाही हे इतकं ठरलेलं होतं की त्याबद्दल कुणी बोललंही नाही. अक्षता पडल्या, आहेर सुरू झाला. पुकारा करायचं काम माझ्याकडे. सरदारजींची बादली आली तेव्हा वऱ्हाडी हसले. खाँसाहेबांची कलसी आली तेव्हा आत्यानं तोंड फिरवलं, पण कुसुमनं ती दोन्ही हातांनी घेतली.

मग चौबेजी सपत्नीक पुढे आले. त्यांनी परात कुसुमपुढे ठेवली, तांब्यातलं पाणी घेतलं आणि ते थेट तिच्या पायांशी वाकले. वडिलांच्या वयाचा माणूस! कुसुम "अहो काका!" असं ओरडली आणि तिनं पाय आखडून शालूखाली घेतले. परात कलंडली, पाणी नवऱ्या मुलाच्या सोवळ्यावर. चौबेजी तसेच वाकलेले, हात हवेत. नागपूरच्या मंडळींना वाटलं, भांडण झालं. अण्णा हात जोडून म्हणत होते, "चौबेजी, नहीं नहीं, आप बड़े हैं," आणि प्रत्येक शब्दागणिक चौबेजींचा चेहरा उतरत होता. त्यांची बायको पुटपुटली, "बिटिया ने पाँव खींच लिए." तिचे डोळे भरून आले.

"कुसुम! पाय पुढे कर!"

काकीसाहेब पिठाच्या हातांनी धावत मंडपाच्या मधोमध आल्या होत्या. "ह्यांच्यात मुलगी म्हणजे देवी असते. सकाळपासून दोघं उपाशी आहेत, तुझे पाय धुतल्याशिवाय पाणी पिणार नाहीत. कर पुढे." मग विहीणबाईंकडे वळून त्यांनी तेच पुन्हा सांगितलं, जरा गोड आवाजात.

कुसुमनं रडत पाय पुढे केले. चौबेजींनी ते धुतले, ओला हात डोळ्यांना लावला आणि म्हणाले, "अब पानी पिलाओ भाई, जान निकल रही है." सगळा मंडप हसला. आणि ते हसू ओसरल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं की काकीसाहेब कुठे उभ्या आहेत.

आत्या म्हणाली, "आता आत जा हो, काकीसाहेब. मंडपात असं..." पुढचं तिनं गिळलं. त्या आधीच वळल्या होत्या.

मी उरलेली नावं वाचली. शेवटचं एक राहिलं तेव्हा अण्णांनी आत्याकडे बघितलं आणि मला म्हणाले, "बस. झाली यादी."

"अण्णा, अजून एक नाव आहे," कुसुम म्हणाली.

"ते आत देऊ, बेटा."

"आत कशाला? सगळ्यांचं बाहेर घेतलं."

"अगं, लोखंड आहे ते," आत्या म्हणाली. "आणि शिवाय..."

"शिवाय काय, आत्या? पूर्ण बोल ना."

अण्णा मांडवाच्या कापडाकडे बघत होते. माझ्या हातात कागद होता आणि एवढ्या माणसांत त्या कागदामागे तोंड झाकावं असं वाटत होतं. "दादा, वाच," कुसुम म्हणाली. मी वाचलं, "काकीसाहेबांकडून तवा." आवाज माझा मलाच ऐकू आला नाही. पण मागच्या दारापर्यंत तो पोचला असावा.

त्या आल्या. तवा पदराखाली झाकलेला. सायकलींच्या दुकानात उभं राहून बादली सांगणारी ही बाई. त्या दिवशी तिला मान वर करवेना. "इथे नको गं," त्या हळूच म्हणाल्या. "सगळे बघताहेत."

कुसुमनं शालूचा पदर पसरला. "ओटीत घाला."

"वेडी का? काळं लागेल शालूला."

"लागू दे."

काकीसाहेबांनी आपल्याच पदरानं तवा दोन्ही बाजूंनी पुसला, पुन्हा पुसला, आणि त्या पांढुरक्या पदराचं काजळ झालं तेव्हा तो कुसुमच्या ओटीत ठेवला. चांगला वजनदार तवा होता. शालूचा जरीचा पदर ताणला गेला. विहीणबाई चटकन वाकल्या. "थांब गं," त्या म्हणाल्या, "मी धरते एका बाजूनं."

पंगत बसली तेव्हा काकीसाहेब दिसेनात. मी शोधत मागे गेलो. त्या मोरीपाशी उकिडव्या बसून पदराचे काळे डाग चोळत होत्या, आणि डाग जास्तच पसरत होते.

"काकीसाहेब, पानं मांडलीत. काय झालं?"

"काही नाही रे. लाज वाटली."

"तुम्हाला कशाला? ती आमची पाळी आहे."

"तुमचं काय, तुम्हाला रोजची सवय आहे," त्या मान खाली घालूनच म्हणाल्या. "माझी पहिलीच वेळ. म्हणून जमत नाहीये."

मी शेजारी बसलो आणि पदराचं दुसरं टोक धरलं. पंगतीतून अण्णा माझ्या नावानं हाका मारत होते. त्यांना ओ द्यायला माझ्याच्यानं होईना.