वाटेत थांबायचं नाही

पुआ आंटीचा कोणावरही विश्वास नव्हता आणि ही गोष्ट ती कोणापासून लपवतही नसे. दुकानदाराने कलिंगड वाजवून हातात दिलं, की ती ते ठेवून दुसरं उचलायची. शेजारी कधी नव्हे तो गोड हसला, की घरात येऊन नवऱ्याला सांगायची, "याला आपली शिडी हवी आहे." आणि संध्याकाळी शेजारी शिडी मागायला यायचाच. सगळी पंचाईत इथेच होती. संशय चारदोनदा खोटा ठरला असता तर सुटला असता. खरा ठरत गेला म्हणून तो हाडात मुरला.

ती मूळची हवाई बेटांवरच्या हिलोची. तिकडे घर घेणं आवाक्याबाहेर गेलं तेव्हा तिचे निम्मे नातेवाईक समुद्र सोडून लास व्हेगासच्या वाळवंटात आले, त्यांच्यामागून ती आणि नवरा अलिकाही आले. अलिका कॅसिनोत पत्ते वाटायला लागला आणि पुआला 'वरच्या खोलीत' काम मिळालं. जुगाराच्या प्रत्येक टेबलावर छतात कॅमेरा असतो आणि त्या सगळ्या कॅमेऱ्यांची चित्रं वरच्या एका अंधाऱ्या खोलीत उमटतात. तिथे बसून पुआने उभी हयात लोकांचे हात पाहिले. नव्या पोरांना ती शिकवायची, की तोंडाकडे बघूच नका, तोंड खोटं बोलतं. हात बघा. तिने पकडलेल्या भामट्यांच्या गोष्टी त्या खोलीत अजून सांगतात.

निवृत्त झाल्यावर हे डोळे घरात आले आणि अलिकाची उलटतपासणी सुरू झाली. तू फ्रीज दोनदा का उघडलास, फोनवर हळू का बोललास. शेवटी त्या बिचाऱ्यानेच एका एजन्सीत तिचं नाव घातलं. पर्यटक मुलांना घेऊन येतात आणि त्यांना बाहेर जायचं असतं, तेव्हा हॉटेलच्या खोलीत जाऊन ती मुलं सांभाळायची. पुआला मुलं आवडत. त्यांच्या आईबापांवर मात्र तिचा राग होता. जे शहर दिवस मावळल्यावर डोळे उघडतं, जिथे फुटपाथवर उघड्या बायकांच्या चित्रांची कार्डं पायाखाली येतात, तिथे बाबागाडी ढकलत येणाऱ्या माणसाच्या मनात काहीतरी असणारच, असं तिचं ठाम मत होतं.

एका शुक्रवारी दुपारी, तिच्या जुन्या कॅसिनोच्या सँडपायपर हॉटेलात तिला ज्याने दार उघडलं, तो तर पहिल्या नजरेतच तिच्या मनातून उतरला. गॅरेट नाव, मिनेसोटाचा, उंच, खांदे पडलेले. पाच वर्षांची एल्सी आणि दोन वर्षांच्या आतबाहेरचा ओटो, अशी दोन मुलं. आई दिसली नाही आणि तिच्याबद्दल तो बोललाही नाही. मुलांना कडक इस्त्रीचे कपडे घातलेले. एल्सीच्या डोक्याला लिंबासारखी पिवळी टोपी होती, आणि ती खोलीतसुद्धा काढायची नाही असं त्याने तिला बजावलं होतं.

"तुला कुठे जायचंय?" पुआने विचारलं. धाकट्या माणसाला 'तुम्ही' म्हणायची तिची रीत नव्हती.

गॅरेट म्हणाला की तो कुठेच जाणार नाही, खोलीतच बसणार आहे. तिने फक्त मुलांना खाली फिरवून आणायचं. चार वाजता, कॅसिनोमधून, लिफ्टपासून पोहण्याच्या तलावापर्यंत आणि परत. जाताना डाव्या अंगाने जायचं, टेबलांच्या बाजूने. आणि जरा सावकाश.

"तू का नाही नेत?"

"मला धुराचा त्रास होतो, आंटी."

धुराचा त्रास असलेला माणूस कॅसिनो असलेल्या हॉटेलात उतरतो, हे ऐकून पुआच्या मनात पाल चुकचुकली. वरच्या खोलीत असताना तिने बायका पाहिल्या होत्या, म्हातारे पाहिले होते, एकदा तर खोटा आंधळाही पाहिला होता. टेबलाजवळ काहीतरी घडवायचं, वाटणाऱ्याची नजर क्षणभर हलवायची आणि तेवढ्यात साथीदाराने पत्ता बदलायचा. लेकरांचा असा वापर करणारा मात्र अजून कोणी भेटला नव्हता. ओटोला बाबागाडीत बसवून, एल्सीचं बोट धरून ती खाली उतरली.

कॅसिनोतून मुलांना नेता येतं, पण थांबता येत नाही. मशीनं आणि टेबलं गालिच्यावर असतात, त्यांच्या कडेने फरशीची वाट असते, त्या वाटेवरून चालत राहायचं. मूल घेऊन उभं राहिलं की गणवेशातला माणूस येतो आणि पुढे व्हा म्हणतो. पुआ सावकाश चालली, आणि नजर टेबलांवरच्या हातांवर ठेवली. चौथ्या टेबलावर एक तरुण डीलर पत्ते वाटत होती. हात नवखे, पण स्वच्छ. पुआ समोर आली तसे ते हात थबकले. डोळ्याचं पातं लवेपर्यंतच थबकले, पण पुआला तेवढं पुरे होतं. डीलरने मान वर केली होती. डीलर मान वर करत नाही.

वर आल्याबरोबर गॅरेट दारातच उभा. "टेबलावर माणसं होती का? म्हणजे, मुलांकडे कोणी बघितलं का?"

"लहान पोरांकडे कोण बघणार इथे?" पुआ म्हणाली आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला तिने पाहिला. पाणी कुठेतरी मुरत होतंच. तो म्हणाला, पावणेपाचला अजून एक फेरी मारा. मग मुलांसाठी खायला आणायला बाहेर गेला, आणि जाताना हॉटेलातल्या दुकानात न जाता मागच्या जिन्याने गेला.

तो बटाट्याचे तळलेले काप आणून देऊन पुन्हा व्हरांड्यात फोनवर बोलायला गेला, तेव्हा ती गोष्ट घडली. एल्सीने शेवटचा काप खाल्ला, खुर्चीवरून उतरण्यापूर्वी हलकेच टाळी वाजवली आणि दोन्ही तळहात उताणे करून छताला दाखवले.

पुआने चहाचा कप खाली ठेवला. टेबल सोडताना प्रत्येक डीलर असंच करतो. हातात काही नाही, बाहीत काही नाही, हे छतातल्या कॅमेऱ्याला दाखवल्याशिवाय त्याला नाकसुद्धा खाजवता येत नाही. सवय इतकी जडते की अलिकाने स्वतःच्या आईच्या कबरीवर फुलं ठेवून टाळी वाजवली होती आणि आभाळाला तळवे दाखवले होते. पण मिनेसोटाच्या पाच वर्षांच्या पोरीला हे कुठून येणार?

"हे कोणी शिकवलं गं तुला?"

"कोणी नाही. उठताना असंच करतात," एल्सी म्हणाली. मग दाराकडे बघून गप्प झाली, आणि पुढे काही केल्या बोलेना.

दुसरी एखादी बाई इथे थांबून विचार करती. पण दुधाने तोंड पोळलेली पुआ ताकही फुंकून प्यायची. तिने हिशेब मांडला तो असा. याच्या घरात डीलर आहे. हा ते लपवतो. खालची ती पोरगी पिवळी टोपी बघून मान वर करते. म्हणजे आतलं माणूस आणि बाहेरचं माणूस मिळालेले आहेत. तिने न्हाणीघरात जाऊन वरच्या खोलीत फोन लावला. तिथे आता डेल्बर्ट मुख्य होता, तिच्याच हाताखाली शिकलेला.

"चौथं टेबल," पुआ म्हणाली. "पावणेपाचला मी पोरं घेऊन येते. तिच्यावर कॅमेरा ठेव."

डेल्बर्टने विचारलंही नाही, की आंटी, खात्री आहे ना. एवढंच म्हणाला, की ती मेरिट नावाची पोरगी नवी आहे, नोकरी अजून कच्ची आहे. हातून एक बोट जरी चुकलं तरी आजच घरी जाईल. "जाऊ दे," पुआ म्हणाली.

दुसऱ्या फेरीला ती पूर्ण तयारीने गेली. चौथ्या टेबलाजवळ येताच तिने मुद्दाम गाडीचा पट्टा सोडला आणि ओटोला खाली उभं केलं. बघू, आता काय करतेस. ओटो डुलत डुलत चार पावलं चालला, फरशी संपून गालिचा सुरू होतो तिथे अडखळला आणि पालथा पडला. रडला नाही. हात टेकून उठला आणि पुन्हा चालायला लागला.

पुआने टेबलाकडे पाहिलं. मेरिटचे हात हलायचे थांबले होते. दोन्ही तळवे हिरव्या कापडावर सपाट ठेवलेले होते. पत्ता बदलला गेला नाही, कुठल्या गिऱ्हाइकाचा हात पुढे आला नाही, काही म्हणजे काही घडलं नाही. आणि मग पुआने आयुष्यभर जे कोणाला करू दिलं नव्हतं ते केलं. तोंडाकडे पाहिलं.

त्या तोंडावरून पाणी वाहत होतं. डीलरला टेबलावरून हात उचलून डोळे पुसता येत नाहीत. ती ओटोच्या पायांकडे बघत होती, जणू चालणारं मूल तिने जन्मात पाहिलं नव्हतं. हनुवटी एल्सीची होती, मधोमध तीच बारीक खळी.

घरच्या माणसाने आपल्या डीलरच्या टेबलाजवळ फिरकायचं नसतं, हा इथला पहिला नियम. अलिकाच्या भावाला त्याच्या टेबलापासून हात धरून बाजूला केलेलं तिने स्वतः पाहिलं होतं. ही आई आहे एवढं कळलं तरी मेरिटची नोकरी गेली, आणि नाही कळलं तर चोर म्हणून गेली. आणि तिच्यावर कॅमेरा लावला होता पुआने, दुसऱ्या कोणी नाही. तिला स्वतःची इतकी चीड आली की तिथेच दोन थोबाडीत मारून घ्याव्यात असं वाटलं. गणवेशातला माणूस आला आणि म्हणाला, मूल घेऊन थांबू नका, पुढे व्हा.

लिफ्टपाशी पोचते तोच डेल्बर्टचा फोन आला. मेरिटला टेबलावरून उठवलं होतं आणि बाजूच्या खोलीत बसवलं होतं. "तिने दोनदा मान वर केली, आंटी. रडतेय, पण काही सांगत नाही. ही पोरं कोणाची? तिचा काय संबंध?"

पुआने एक श्वास घेतला. खोटं पकडणं तिला येत होतं, बोलणं येत नव्हतं.

"काही संबंध नाही. माझ्या हातून पोरगं सुटलं आणि तोंडावर पडलं. बाईमाणूस आहे, बघणारच. मी उगाच साप साप म्हणून भुई थोपटली."

"तुम्ही चुकलात?"

"म्हातारी झाले रे. मला सगळीकडे चोर दिसतात. तुझ्या साहेबाला तसंच सांग, माझ्या नावाने सांग. आणि यापुढे माझा फोन आला तर उचलू नकोस."

डेल्बर्ट पुआच्याच तालमीतला होता, त्याला कळायचं ते कळलं असणार. तो म्हणाला, "पोरीला पाणी देतो आणि टेबलावर परत पाठवतो. पण आंटी, ती पोरं आज पुन्हा खाली दिसायला नकोत."

वर गेल्यावर पुआने गॅरेटला खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, "तिने पाहिलं. ओटो चालताना पाहिलं." तो तोंड झाकून रडला. मग सगळं बाहेर आलं. त्यांच्या गावचा कागदाचा कारखाना बंद पडला, मेरिटने स्वयंपाकघरातल्या टेबलावर पत्ते वाटायचा सराव केला आणि काम शोधायला एकटी पुढे इथे आली. तेव्हा ओटो रांगत होता. नोकरी पक्की होईपर्यंत मुलांना आणू नकोस, त्यांना जवळ घेतलं तर मी परत कामावर उभी राहू शकणार नाही, असं तिने सांगितलं होतं. फार झालं तर लांबून दाखव. मुलांना कळू देऊ नकोस. एल्सीला म्हणूनच त्याने काही सांगितलं नव्हतं, तलावात पोहायला आणलंय एवढंच सांगितलं होतं. पुआने त्याला आपला फोन डेल्बर्टला गेला होता हेही सांगून टाकलं. त्याने तिचे ठरलेले पैसे मोजून हातात दिले, आणि ते तिला जास्त लागलं.

ती निघाली तेव्हा एल्सी तिला सोडायला लिफ्टपर्यंत आली. पिवळी टोपी काढून हातात धरली होती.

"आंटी, बाबांना सांगू नका. मी आईला बघितलं."

पुआने तिच्याकडे वळून पाहिलं. दोन्ही फेऱ्यांत ही पोर तिचं बोट धरून चालली होती, आणि तिने सगळ्या कॅसिनोवर संशय घेतला होता, फक्त या बोटाला धरलेल्या पोरीवर घेतला नव्हता.

"कधी?"

"पहिल्यांदा गेलो तेव्हाच."

"मग हाक का नाही मारलीस?"

एल्सी टोपीची कड दुमडत राहिली. "आई कामावर असताना तिला हाक मारली की कामावरून काढतात. बाबा फोनवर म्हणत होते."

"हो."

"आणि काढलं की ती घरी येते," एल्सी म्हणाली. "मला ते माहीत होतं. तरी मी नाही मारली."

लिफ्ट आली, दार उघडलं आणि तसंच मिटलं. पुआ आंटी गुडघे दुखत असतानाही व्हरांड्यात खाली बसली आणि तिने पोरीला कुशीत ओढून घेतलं. तेव्हा कुठे एल्सी रडली.