पाटाची जागा

रंगनाथनानांच्या शेतातून मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ते बांधावरून ओरडले, "गुरुजी, पाटातून चालू नका!" मी खाली पाहिलं. पाट नव्हता, पाणी तर नव्हतंच. पडीक जमिनीचा एक कोरडा पट्टा होता. पाथर्डीकडच्या या गावात मी नुकताच शिक्षक म्हणून आलो होतो. म्हातारा जरा सटकलेला दिसतो, असं मनात म्हणत मी बांध धरला.

तसं नव्हतं. बऱ्याच वर्षांपूर्वी जीपमधून मोजणीवाले आले होते. पुरात गोदावरीचं जादा पाणी खालच्या राज्यांतून समुद्राला जातं, ते कालव्यानं इकडं आणू, असं सांगून त्यांनी नानांच्या शेताच्या दोन टोकांना दगड पुरले आणि गेले ते गेलेच. तेव्हापासून त्या दगडांमधली जागा नानांनी पेरली नाही. काकू वैतागायच्या. नाना म्हणायचे, "उभ्या पिकातून पाट काढत्याल. पीक मोडायचं पाप कशाला?" गावातली टवाळ मंडळी विचारायची, "नाना, पोहायला कधी येऊ?"

"या की. चड्डी घिऊन या."

पाणी हवं होतं ते मुलासाठी. ज्ञानोबा दरवर्षी दसरा झाला की बायकोला घेऊन ऊसतोडीला जायचा. टेम्पो हलला की नाना म्हणायचे, "पुढल्या साली न्हाई जायचं बरं का." मी त्यांना पेपर वाचून दाखवायचो: नदीत उरतं किती, यावरूनच राज्याराज्यांत भांडण, वरचे म्हणतात उरतं, खालचे म्हणतात काहीच उरत नाही. मला वाचतानाच चीड यायची. नाना मात्र शांत. "आमी कुठं वाटा मागतो? उरलेलंच मागतो."

एका पावसाळ्यात गावात टँकर चालू होता आणि माझ्या टीव्हीवर गोदावरीचा पूर. "लई उरलंय, गुरुजी!" नाना हरखून म्हणाले. इतक्यात पडद्यावर छपरावर बसलेली एक बाई दिसली. "तिचं घर गेलं, अन् मी काय बोलतोय," असं पुटपुटत ते चहा न घेताच उठले. मला फार वाईट वाटलं.

गेल्या वर्षी हंगाम संपला तरी ज्ञानोबा परतला नाही. त्याचा फोन आला. कारखान्याजवळ खोली घेतली होती, वॉचमनची नोकरीही मिळाली होती. "गावाकडं आता काय हाय, नाना?" नानांनी फोन ठेवला. पाऊस पडल्यावर त्यांनी तो पट्टा नांगरला आणि बाजरी पेरली.

मला राहवेना. "नाना, पाट?"

"आला तरी भिजवायचं कुनासाठी?"

बाजरी डोक्याच्या वर गेली. इतकी भरलेली कणसं त्या शिवारात कुणाचीच नव्हती. नाना एक कणीस हातात धरून म्हणाले, "एवढं पिकत हुतं व्हय इथं? दरसाल पेरलं असतं, तर पोरगं ऱ्हायलं असतं का, गुरुजी?"

पडीक जमीन पहिल्या वर्षी जोर करतेच, आणि एका पट्ट्यावर घर चालत नाही. हे त्यांनाही ठाऊक होतं. मी "नाही" म्हणालो. त्यांना ते पटलं नाही. मलाही पटलं नव्हतं.