शोभाताईंनी धरलेला हात

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीही नाही. तुम्हाला सांगतो — पण धड सांगता येईल की नाही, देव जाणे.

माझं डोकं लवकर सटकतं. महाल वस्तीतल्या गल्ल्यांत वाढलो, भांडणात मागे सरणं ठाऊकच नाही. धंतोलीतल्या एका दवाखान्यात मी इमर्जन्सीचा डॉक्टर; तिथं लोकांना हा तापटपणा हुशारीच वाटायचा. मलाही वाटायचा.

त्या दुपारी प्रताप नगरचे मनोहर सर आले. शाळामास्तर. छाती नुसती उडत होती, नाडी बोटाखाली ठरेना. आदल्या वर्षी दुसऱ्या गावी त्यांचं हृदय बदललेलं. असल्या धडधडीवर आम्ही अडेनोसिन देतो — हृदय क्षणभर थांबतं, मग ताळ्यावर येतं. पण बदललेल्या हृदयाच्या नसा तुटलेल्या असतात. त्याच्यावर या औषधाचा भयंकर परिणाम होतो, म्हणून अगदी थोडंच द्यायचं. शिकलो होतो हो मी हे! मग नेहमीचा पूर्ण डोस काहून भरला? घाईत? छे — गुर्मीत.

त्यांच्या बायकोनं, शोभाताईंनी, माझं मनगट धरलं. "थांबा ना डॉक्टरसाहेब! यांचं हृदय ज्यांनी बदललं, त्यायले आधी फोन लावू द्या मले."

मी त्यांना ढकललं. जोरात. त्या ट्रॉलीच्या कडेवर आदळल्या, कपाळ फुटलं. आणि मी सुई रिकामी केली.

मॉनिटरवरची रेघ सपाट झाली. सपाटच राहिली. सर माझ्याकडे बघत होते, मग बघेनासे झाले. मी दोन्ही हातांनी छाती दाबत सुटलो. फासळ्या कडाकडा मोडत होत्या, तोंडातून रक्त आलं, तरी दाबत होतो. मध्येच हृदय नुसतं थरथरलं — शॉक दिले, कातडी जळाल्याचा वास आला. ते परत चाललं नाही. शोभाताई कपाळाला पदर दाबून सगळं बघत होत्या.

बाहेर येऊन चूक कबूल करायची, एवढंच तर होतं ना? आणि मी काय बोललो?

"तुम्ही हात धरला. त्यातच उशीर झाला."

त्यांना ते खरं वाटलं. तेरवीला मला बोलावणं आलं. मी गेलो — निर्लज्जासारखा पंगतीत बसून जेवलोही. निघताना त्यांनी सगळ्यांदेखत माझे पाय धरले. कपाळावर टाके तसेच होते.

"माह्या हातानं माह्या माणसाचा जीव गेला, डॉक्टरसाहेब. मले माफ करा."

मी त्यांना उठवलं. म्हटलं, "केलं माफ."