निंबाला सांगितलेला भाग

ही गोष्ट माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. एका मालिकेचा सगळ्यात टाकाऊ भाग कुठला, या फालतू वादात मी चार लोकांसमोर एका माणसाला खोटं पाडलं. खोटं त्याचं नव्हतंच, माझं होतं. आणि ते मला त्या क्षणी माहीत होतं — नंतर उमगलं वगैरे नाही. तेव्हाच, तोंड उघडण्याआधीच माहीत होतं.

तुम्ही म्हणाल, मालिकेवरून एवढं काय? मीही स्वतःला हेच म्हणत आलो.

मालिका परदेशी. हिंदीत डब होऊन केबलवर यायची. तिचं नाव लांबलचक होतं, ते आमच्यापैकी कुणी कधी घेतलं नाही. आम्ही तिला 'जहाज' म्हणायचो. दूरदूरच्या ग्रहांवर राहायला गेलेल्या माणसांची पत्रं पोचवणारं एक जहाज, दर भागात नवा ग्रह, एवढीच कल्पना. पण गाव सोडून सुरतेला आलेल्या माणसाला ती धरून ठेवायची. ती अजून चालू आहे. कॅप्टन बदलले, जहाज बदललं, आम्ही म्हातारपणाकडे सरकलो — ती चालूच.

तेव्हा मी सुरतेतल्या लिंबायतला राहायचो. अमळनेरकडून येऊन लूमच्या खात्यात लागलो होतो. खातं म्हणजे मागांचा कारखाना. इथे सगळे खातंच म्हणतात. एका खोलीत आम्ही किती जण होतो ते सांगत नाही, पण खाटा माणसांपेक्षा कमी होत्या. खाट पाळीवर वाटलेली असायची. माझी दिवसपाळी. माझ्याच खाटेवर दिवसा झोपणारा माणूस म्हणजे निंबा. शिरपूरकडचा, माझ्याच वयाचा, लग्न झालेला, बायको-पोरगी गावाला. त्याला सेठनं रातपाळी दिली ती कायमचीच. मी उठून जायचो, तो येऊन पडायचा. एकाच गोधडीत आम्ही वर्षानुवर्षं झोपलो आणि एकमेकांना झोपलेलं क्वचितच पाहिलं.

'जहाज' लागायचं बुधवारी संध्याकाळी. त्या वेळी निंबा मागांवर उभा. पुन्हा दाखवायचे तेव्हा तो झोपलेला. म्हणून गुरुवारी सकाळी, पाळी बदलताना, खात्याच्या फाटकाजवळच्या चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, मी त्याला भाग सांगायचो. रात्रभर त्या खडखडाटात उभं राहिलेल्या माणसाच्या कानात बराच वेळ काही शिरत नाही. कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगावं लागायचं. त्याच्या केसांत, भुवयांत सुताचे बारीक तंतू अडकलेले असायचे. माझ्याआधी त्यानं चहा सांगून ठेवलेला असायचा.

"हां, सांग भो. काय व्हयनं?"

आणि मी सांगायचो. तो मध्येमध्ये "मंग?" म्हणायचा. बस. असा ऐकणारा मला पुन्हा मिळाला नाही.

एका बुधवारी मी भाग पाहिलाच नाही. खोटं कशाला — सुरुवातीचा थोडा पाहिला. कॅप्टन तापानं फणफणून खाटेवर पडतो आणि त्याला जुन्या गोष्टी आठवायला लागतात. जुन्या म्हणजे खरंच जुन्या, आधीच्या भागांतले तुकडे कापून जोडलेले. बनवणाऱ्यांनी आम्हाला गंडवलं, असं म्हणून मी उठलो आणि खोलीतल्या दोघांबरोबर लोचो खायला गेलो. परत आलो तेव्हा भाग संपला होता.

सकाळी निंबा लारीवर उभा. चहा सांगितलेला. "सांग भो."

मी म्हणू शकलो असतो, अरे, भाग भंगार होता, मी उठून गेलो. काय झालं असतं? काहीच नाही. हसला असता. पण तो आठवडाभर त्या पाव तासाची वाट पाहायचा हे मला माहीत होतं आणि — खरं सांगू? — त्याच्यासमोर मी जो कुणी व्हायचो तो मला आवडायचा. म्हणून मी बोलायला लागलो.

कॅप्टन तापानं पडलाय, मी म्हणालो. म्हणून पत्र पोचवायला दुसरा अधिकारी जातो. तो ग्रह असा आहे की त्याच्या अर्ध्या भागावर कायम दिवस आणि अर्ध्यावर कायम रात्र. मधल्या रेषेवर एक घर आहे. घरात दोन माणसं राहतात, एक उजेडात काम करणारा, एक अंधारात. एक येतो तेव्हा दुसरा गेलेला असतो. ती कधी भेटलेली नाहीत. दुसरा आहे हे त्यांना फक्त अंथरुणाच्या उबेवरून कळतं. आणि जहाज लाखो मैलांवरून जे पत्र घेऊन आलंय ते एकानं दुसऱ्याला लिहिलेलं आहे, त्याच घरातून त्याच घरात.

हे कुठून सुचलं मला ठाऊक नाही. सांगता सांगता सुचत गेलं. निंबा "मंग?" म्हणायचं विसरला. चहा गार झाला. शेवटी म्हणाला, "हाई ते आपलीच गोट शे रे भो." ही तर आपलीच गोष्ट आहे.

मला इतकं बरं वाटलं. आणि मी सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, पुढच्या गुरुवारी नाही. मग कधी सांगायचं? काही गोष्टींची सांगायची वेळ टळली की त्या सांगण्यासारख्या राहतच नाहीत — निदान मी स्वतःची अशी समजूत घातली.

पुढे मी लूम सोडला. सुरतेबाहेर सचिनच्या औद्योगिक वसाहतीत एका डाइंग मिलमध्ये सुपरवायझर झालो, घर केलं. निंबा मागांवरच राहिला. त्याचे कान हळूहळू गेले. त्याची बायको-मुलगी इकडे आल्या, मुलगी सुनीता शिकली, हजीऱ्याकडे एका कंपनीच्या ऑफिसात लागली. आणि 'जहाज'चे वेडे फोनवरच्या एका ग्रुपमध्ये एकत्र आले. लिंबायतला जिग्नेशचं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे, त्याच्या माळ्यावर महिन्यातून एखाद्या रविवारी आम्ही जमतो. बहुतेक सगळे पोरांच्या वयाचे. मला ते 'गुरुजी' म्हणतात, कारण मी पहिल्या भागापासून पाहिलेलं आहे. वाद झाला की शेवटचा शब्द माझा. या वयात, मिलमध्ये सेठच्या पोराच्या शिव्या खाऊन आल्यावर, हे गुरुजीपण काय असतं ते तुम्हाला कसं सांगू?

सुनीताही त्या ग्रुपमध्ये. एकदा तिनं मला विचारलं होतं, "काका, अर्धा दिवस-अर्धी रात्र असलेल्या ग्रहाचा भाग कुठला हो? पप्पा दिवाळीला गावी आले की मला तोच सांगायचे. मी झोपायची नाही त्याशिवाय. कुठे सापडतच नाही." मी म्हणालो, जुना असेल, आठवत नाही. पाहा, तेव्हाही संधी होती. तिच्या लहानपणीचा बाप तिच्याकडे वर्षातून थोडे दिवस यायचा, आणि त्या थोड्या दिवसांत त्यानं तिला जे दिलं ते माझं खोटं होतं. मला कळलं, आणि मी विषय बदलला.

मग तो रविवार आला. विषय ठरला होता — 'जहाज'चा सगळ्यात टाकाऊ भाग. जुने सगळे भाग आता फोनवर मिळायला लागले होते, त्यामुळे पोरांना चेव आला होता. सुनीता हसत निंबाला हाताला धरून घेऊन आली. "आज पप्पांनाच विचारू तो भाग कुठला ते." निंबानं इस्त्रीचा शर्ट घातला होता. मला पाहून त्याचा चेहरा फुलला. माझ्या शेजारी येऊन बसला.

वाद रंगला. कुणी म्हणालं, कॅप्टन झाडाशी लग्न करतो तो भाग. कुणी म्हणालं, यंत्रमानव गाणं म्हणतो तो. "अरे, त्या गाण्यावर माझ्या आजीनं टीव्ही बंद केला होता," जिग्नेश म्हणाला, आणि सगळे लोळून हसले. मग एकानं तापाचा भाग काढला आणि एकदम सगळ्यांचं एकमत झालं. त्याच्याइतका भिकार भाग नाही. बघूच नका.

निंबाला सुनीतानं कानाशी सांगितलं, काय चाललंय ते. तो चमकला. "कॅप्टनले ताप येस तो?" आणि मग मराठीत, सगळ्यांना कळावं म्हणून सावकाश, "अहो, तो तर सगळ्यात भारी. तो दिवसाचा आणि रात्रीचा ग्रह. ते एका घरातले दोघं." सुनीता टाळी वाजवून म्हणाली, "तोच! तोच भाग!" निंबानं अख्खी गोष्ट सांगितली. माझी गोष्ट, माझ्या शब्दांत, माझे थांबे घेऊन. पोरं एकमेकांकडे बघत होती. जिग्नेशनं फोनवर तो भाग लावला. पुढे सरकवत गेला. खाट, ताप, जुने तुकडे. खाट, ताप, जुने तुकडे. संपला.

"काका, सपनामां जोयुं के शुं?" जिग्नेश म्हणाला. स्वप्नात पाहिलंत की काय. हशा पिकला.

सुनीता हसली नाही. बापाकडे बघून म्हणाली, "पप्पा, हे तुम्ही कुठे पाहिलं होतं?" मग कुणीतरी म्हणालं, "गुरुजींना विचारा ना. गुरुजी, आहे का असा भाग?"

निंबा माझ्याकडे पाहत होता. त्याला कळलं होतं. फोनवरचा भाग संपला तेव्हाच कळलं असणार, कारण त्याला तो भाग सांगणारा जगात एकच माणूस होता. तो सहज म्हणू शकत होता, अरे, यानंच मला सांगितलं. तसं तो म्हणाला नाही. माझ्यासाठी जागा करून थांबला, जसा लारीवर चहा सांगून थांबायचा.

मी म्हणालो, "नाही. असा भागच नाही." एवढ्यावर तरी थांबायचं ना? नाही थांबलो. हसलो आणि म्हणालो, "रातपाळीचा माणूस आहे तो. डुलकीत काहीतरी पाहिलं असेल."

केवढे हसले सगळे.

निंबा खाली बघत म्हणाला, "मन्हीच चूक व्हई." माझीच चूक असेल. चप्पल शोधायला त्याला वेळ लागला. सुनीता त्याच्या मागे उतरली. उतरताना तिनं त्याचा हात धरला नव्हता.

त्या रात्री ग्रुपवर एक चित्र फिरलं — निंबाचा डोळे मिटलेला फोटो, वर 'डुलकीकाका'. तेव्हापासून कुणी चुकीचं काही बोललं की ते टाकतात. मीही त्यावर हसणारा चेहरा टाकला होता. हे तुम्हाला सांगायची काही गरज नव्हती, पण मग बाकीचं तरी कशाला सांगतोय?

निंबा पुन्हा आला नाही. सुनीतानं ग्रुप सोडला. एकदा उधन्याच्या बाजारात भेटली. मीच विचारलं, पप्पा कसे आहेत. "बरे आहेत," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "आता काही सांगत नाहीत. आणि सांगितलं तरी मला वाटतं, हे तरी खरं असेल का." भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि गेली. तिला बापाचं लहानपणापासूनचं सगळंच बोलणं आता तपासून बघावंसं वाटत होतं. बाप परगावी असलेल्या पोरीकडे बापाच्या बोलण्याशिवाय दुसरं असतं काय? ते मी मोडलं. एका माळ्यावर, पोरांच्या हशासाठी, आणि तीन अक्षरांच्या 'गुरुजी' या हाकेसाठी.

शेवटी त्यांच्या घरी जायला मी मुद्दाम तो दिवस धरला ज्या दिवशी त्यांच्या भागात वीज बंद म्हणून खात्यांना सुट्टी असते. निंबा ओट्यावर बसला होता, सुनीता दारात लसूण सोलत होती. मागांचा आवाज नाही, सगळी गल्ली शांत. मी निंबाच्या शेजारी बसलो आणि पुटपुटलो — काय पुटपुटलो ते मलाही नीट ऐकू आलं नाही.

त्यानं कानामागे हात धरला. "जोरमां बोल. माले आयकू येत नई."

हळू बोलून सुटणार नव्हतो. मी त्याच्या कानाशी तोंड नेलं, लारीवर न्यायचो तसं, आणि ओरडून बोललो. "निंबा, तापाचा भाग मी पाहिला नव्हता. तो दिवसरात्रीचा ग्रह मी बनवला होता. तू खरं बोलत होतास. तू तेच सांगितलंस जे मी तुला सांगितलं."

सुनीताचे हात थांबले. समोरच्या ओट्यावरची बाई उठून उभी राहिली. पलीकडून दोन माणसं डोकावली. निंबानं कानामागचा हात खाली घेतला. मग म्हणाला, "माले वाटनं व्हतं, तू तठेच सांगशी."

तिथेच. त्या माळ्यावरच.

मी पुन्हा त्याच्या कानाशी वाकलो. गल्ली ऐकत होती. "तिथं मी तुला खोटं पाडलं, निंबा. तुझ्या पोरीसमोर पाडलं. मला ठाऊक असून पाडलं." मग सुनीताकडे वळलो. तिच्याशी ओरडायची गरज नव्हती, तरी माझा आवाज तेवढाच निघाला. "तुझा बाप खोटं बोलला नाही. मी बोललो. मला माफ करा, दोघांनी."