यादोरावांच्या बांधीतलं घरटं

रीना गजभिये आमगावात बसस्टँडजवळच्या एका ऑनलाइन सेंटरात काम करते. कोणाचा सातबारा काढून दे, कोणाचा कॉलेजचा फॉर्म भरून दे, यात तिचा दिवस जातो. पण आसपासच्या गावांत तिला ‘सारसवाली’ म्हणत. म्हणत, असंच लिहावं लागतं. आता फारसं कोणी म्हणत नाही.

सारस म्हणजे जवळजवळ माणसाएवढा उंच पक्षी. आमच्या गोंदियाकडे तो भर पावसाळ्यात, रोवणी झाल्यावर, धानाच्या बांधीतच, म्हणजे भाताच्या खाचरातच, घरटं करतो. त्यापायी थोडं धान मोडतं, म्हणून काही शेतकरी घरटं उचलून फेकायचे. त्यांना समजवायचं आणि पिल्लं निघेपर्यंत महिनाभर लांबून राखण करायची, हे काम एक छोटी संस्था करत होती. रीनाचे वडील त्यात होते. ते वारल्यावर रीना आली, तेव्हा संस्थेत चार-दोन म्हातारेच उरले होते. तरणी माणसं नागपूर-हैदराबादला कामाला गेलेली. राखणीला कोणी मिळेना.

मग रीनाने इन्स्टाग्रामवर पेज उघडलं. बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, काठी पंख पसरून नाचणारी जोडी आणि मागून तिचा साधा आवाज, “मला फक्त तुमची रविवारची सकाळ पाहिजे.” ती रील चालली. गोंदिया, तिरोडा, पार बालाघाटहून मेसेज आले. रीना नुसत्या लाइकवर थांबली नाही. मेसेज करणाऱ्या प्रत्येकाला तिने फोन केला. गाडी असेल त्याला लांबचं गाव दिलं, बोलका असेल त्याला शेतकऱ्यांकडे पाठवलं. रविवारी संध्याकाळी, आलेल्या सगळ्यांचे फोटो ती नावानिशी पेजवर टाकायची, आणि पुढच्या रविवारी तीच माणसं मित्रांना घेऊन यायची. संस्थेचे म्हातारे खूश झाले. रीनाही झाली. सेंटरात गिऱ्हाईक समोर असतानाही ती पेज उघडून पाहायची, किती जण वाढले ते.

त्याच पावसाळ्यात सडक अर्जुनीकडच्या एका गावात यादोराव बिसेनांच्या बांधीत घरटं झालं. यादोराव तापट माणूस. पहिल्या दिवशी त्यांनी रीनाला धुऱ्यावरूनच, शेताच्या बांधावरूनच, परत पाठवलं. ती पुन्हा गेली, चहा न मिळता तासभर ओसरीवर बसली. तिसऱ्या खेपेला त्यांच्या बायकोने, कुंदाबाईंनी, आतून म्हटलं, “पोरगी एवढी येऊन राहिली, तं आयका ना तिचं.”

यादोराव म्हणाले, “ठेवतो. पण गावात बोभाटा नाही पाहिजे. माह्या वावरात जत्रा भरली, तं मी घरटं ठेवणार नाही.”

“नाही भरणार, काकाजी. माझी जबाबदारी,” रीना म्हणाली.

हळूहळू यादोरावांनाच त्या जोडीचा लळा लागला. सकाळी बैलांना चारा टाकायच्या आधी ते धुऱ्यावर जाऊन यायचे. घरट्यात दोन अंडी आहेत, हे रीनाला फोन करून त्यांनीच कळवलं.

नेमक्या त्या आठवड्यात पेजवरची वाढ थांबली होती. रीनाने जाहीर केलं, प्रत्येकाने आपापल्या अकाउंटवर रील टाकावी, ज्याच्या रीलमुळे सगळ्यात जास्त नवे स्वयंसेवक येतील त्याचं नाव आणि फोटो महिनाभर पेजच्या वरती राहील. काय दाखवायचं नाही, गावाचं नाव का लिहायचं नाही, हे जुन्यांना ती समोर बसवून सांगत असे. नव्यांना सांगायचं राहून गेलं. ती म्हणते, विसरले नव्हते, घाई झाली होती.

गोंदियात लग्नाचं शूटिंग करणारा मोनू नवाच होता. मनापासून काम करायचा. त्याने यादोरावांच्या बांधीतली जोडी अशी सुंदर टिपली की रीनाने स्वतः ती रील पेजवरून पुढे पाठवली. खाली गावाचं नाव होतं, हायवेवरून कुठल्या ढाब्याजवळ वळायचं तेही होतं. तिने ते वाचलं नाही. तिने पाहिले ते आकडे.

रविवारी लोक आले. मोटरसायकली, दोन-तीन गाड्या, पोराबाळांसकट. बांधीच्या चारही धुऱ्यांवर माणसं उभी राहिली. कोणी शिट्टी मारली, कोणी सेल्फीसाठी चिखलात उतरलं. यादोराव हात जोडून सांगत होते, मग शिव्या देऊ लागले, तर लोक त्यांचाच व्हिडिओ काढू लागले. जोडी ओरडत दूरच्या पडीक जमिनीत जाऊन उभी राहिली आणि परत येईना. रीना पोचली तेव्हा दुपार झाली होती. गर्दी पांगली होती आणि घरट्यावर कावळे होते.

मोनू तिच्या मागोमाग आला. घरट्याकडे पाहून त्याचा चेहरा उतरला. “दीदी, मैंने तो अच्छे के लिए डाला था.”

“माहीत आहे रे,” रीना म्हणाली. त्याला रागवावं असं तिला वाटलं, पण कोणत्या तोंडाने रागवणार?

यादोराव धुऱ्यावर बसले होते. तुडवलेल्या धानाबद्दल ते काही बोलले नाहीत.

“मी तुले का म्हटलो होतो, पोरी?”

“काकाजी, चूक झाली.”

“मी नसतं ठेवलं घरटं, तं त्यायनं दुसरीकडं केलं असतं. मी ठेवलो.” एवढं बोलून ते उठले आणि घराकडे गेले.

त्या रात्रीच रीनाने पेज बंद करून टाकलं. कोणालाही न सांगता, न विचारता. दुसऱ्या दिवशी माणसं विचारू लागली, दीदी, काय झालं, आम्ही काय करू? तिने उत्तरं दिली नाहीत. लाजेने फोनच उचलेना. हळूहळू विचारणारे थांबले. आणि दहा-बारा दिवसांनी आमगावजवळच्याच एका तळ्यात दुसरं घरटं सापडलं, तेव्हा राखणीला बसायला कोणी नव्हतं. तेही गेलं. गर्दीमुळे एक घरटं गेलं आणि माणूस नसल्यामुळे दुसरं. यातल्या कोणत्याचं तिला जास्त वाईट वाटतं, हे तिला सांगता येत नाही.

पुढच्या पावसाळ्यात जोडी यादोरावांच्या बांधीत आली नाही. रीना एकदा त्यांच्या घरी गेली. कुंदाबाईंनी चहा दिला, यादोराव वावरातून आलेच नाहीत. निघताना कुंदाबाई म्हणाल्या, “अजूनही पायटे धुऱ्यावर जाऊन उभे रायतात. काऊन जाता म्हटलं, तं बोलत नाही.”

आता रीना स्कूटीने गावोगाव फिरून माणसं जमवायचा प्रयत्न करते. चावडीवर बसते, बचत गटाच्या बायकांशी बोलते. कुठे एक जण तयार होतो, कुठे कोणीच नाही. मोनू मात्र टिकला आहे. यंदा सालेकशाकडे एका बांधीत घरटं झालं, तिथे दोघं आळीपाळीने बसले. एका सोमवारी दोघांनाही कामावर जावं लागलं. त्या दिवशी कुत्र्यांनी एक अंडं नेलं. दुसऱ्यातून पिल्लू निघालं.

परतताना मोनूने विचारलं, “दीदी, पेज फिर से खोलें? इस बार समझाकर करेंगे.”

“करायला पाहिजे,” रीना म्हणाली. तिलाही ते पटलेलं आहे. शे-दीडशे चांगली माणसं आपल्या शब्दावर यायला तयार होती, त्यांना फक्त नीट सांगायचं होतं, असं तीच म्हणते. फोन हातात घेते, पेजचं नाव टाइप करते, आणि पहिल्या ओळीत काय लिहावं हे तिला अजून सुचलेलं नाही.