पुसलेला फोटो

ज्योतीला हे माहीत नाही. प्रल्हादला नाही. गयामावशीला तर आता कधीच कळणार नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसासमोर बसून हे बोलायचं धाडस माझ्यात नव्हतं — अजूनही नाही.

मी अमरावतीला असते. बँकेतून निवृत्त झाले, घरात एकटीच. फोटो काढायचा नाद मात्र जुना. इंटरनेटवर तो मोफत ज्ञानकोश आहे ना, जगभरातल्या लोकांनी हौसेनं लिहिलेला — त्याच्यासाठी मी फोटो काढत असे. ज्या लेखाला चित्र नाही त्याला चित्र द्यायचं, एवढंच काम. पातूरची लेणी, तिवशाचा आठवडी बाजार, रस्त्याकडेची जुनी बारव. तिथं मी खऱ्या नावानं नाही, एका टोपणनावानं वावरायची. आपला फोटो कुठल्यातरी परक्या देशातलं पोरगं बघत असेल, या विचारानं बरं वाटायचं. खूप बरं वाटायचं — हे आधीच सांगून ठेवते.

एकदा गोंदणावरच्या लेखाला चांगलं चित्र हवं होतं. मला लगेच मावशी आठवली. माझ्या आईची धाकटी बहीण, हिवरखेडला असायची — मुलगा प्रल्हाद, सून ज्योती आणि ती. दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत हिरवं गोंदण, हनुवटीवर तीन ठिपके. आई गेल्यावर मला ‘जेवलीस का’ म्हणून विचारणारं एवढं एकच माणूस उरलं होतं.

मी गेले तेव्हा ती न्हाऊन मागच्या अंगणात उन्हाला बसली होती. हिवाळ्याचे दिवस. पांढरे केस पाठीवर मोकळे, पदर मांडीवर. घरात पुरुषमाणूस कोणी नव्हतं, आणि मी तर पोटच्या पोरीसारखी. तिनं हात पुढे केले, मी त्यांचे फोटो काढले. मग ती सांगायला लागली — लहानपणी गोंदणारीण दारात आली तशी ती कडब्याच्या गंजीमागं लपली होती, आणि तिच्या आईनं तिला ओढून आणून तिच्या पायांवर चक्क बैठक मारली होती. सांगता सांगता तिला हसू फुटलं. तोंड उघडं, उरलेले दोन दात, डोळे मिटलेले, केस उन्हात पेटल्यासारखे — आणि मी बटण दाबलं.

तुम्ही कधी फोटो काढला असेल तर तुम्हाला कळेल. काही फोटो काढताक्षणीच कळतात. तो तसा होता.

मावशीनं आवाज ऐकला. म्हणाली, “पाहू दे वं.” मी कॅमेरा तिच्यापुढे धरला. तिनं बघितलं आणि तोंडावर हात ठेवला.

“हा नोको ठेवू, शोभे. डोस्क्यावर पदर नाई, काही नाई. मेलीच मी! पुस तो.”

“छान आलाय गं मावशी.”

“छान अशीन. पन पुस. तुले पाह्याचं तं मले पाहून घे, कागदावर काहून पाहिजे?”

मी पुसला. म्हणजे — काय केलं ते नीट सांगते. मी एक फोटो मागे गेले. तिथं तिच्या हाताचा एक हललेला, कामातून गेलेला फोटो होता. तिच्यासमोर तो पुसला. स्क्रीन काळी झाली तशी म्हटलं, “हे बघ, गेला.” मावशीला काय कळणार होतं? तिनं माझ्या गालावरून हात फिरवला आणि मला भाकर वाढायला उठली. ती भाकर मी खाल्ली.

तो फोटो मी ज्ञानकोशावर टाकला. स्वतःला सांगितलं, नाव नाही, गाव नाही, नुसतं ‘वऱ्हाडातील गोंदण’ — कोणाला काय कळतंय? फोटो टाकताना तिथं एक कबुली द्यावी लागते, की हा फोटो कोणीही, कुठंही, कशासाठीही वापरावा. त्या चौकोनात मी नेहमीसारखीच खूण केली. दुसऱ्याची लाज अशी जगाला मोफत देऊन टाकताना हात थरथरायला हवा होता ना? नाही थरथरला.

पुढं काही महिन्यांनी तो निवडक चित्र म्हणून निवडला गेला. एक पूर्ण दिवस ज्ञानकोशाच्या पहिल्या पानावर माझी मावशी हसत होती. अनोळखी लोकांनी काय काय लिहिलं — निर्मळ हसू, केवढं आयुष्य या चेहऱ्यात. अमरावतीच्या आमच्या फोटोवाल्या मंडळींनी मला शाल दिली, नारळ दिला. मावशीला ओळखणारं तिथं कोणी नव्हतं. ती शाल मी दिवाळीत मावशीलाच नेऊन दिली. बँकेतल्या जुन्या मैत्रिणींनी दिली म्हटलं. ती गावभर दाखवत फिरली.

आणि मग तो फोटो फिरत फिरत परत आला.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला. कडा कापलेल्या, रंग गडद केलेला, वर लाल अक्षरं — सावधान, मुलं पळवणारी टोळी जिल्ह्यात शिरली आहे, ही बाई दिसल्यास सोडू नका. खाली मावशीचं तोंड. ते दोन दात, मोकळे केस. जे हसू लोकांना निर्मळ वाटलं होतं तेच आता भेसूर दिसत होतं. मलाही क्षणभर दिसलं, खोटं कशाला बोलू?

मला राग आला. आपला फोटो चोरला, आपला विश्वासघात झाला, असं वाटलं. रडले सुद्धा — स्वतःसाठी. बघा, मावशीच्या आधी मला माझाच घात आठवला.

त्या ग्रुपवर मला एक ओळ लिहायची होती. ही माझी मावशी आहे, हे खोटं आहे. बस. अंगठा तिथंच होता. पण मग कोणीतरी विचारलं असतं, फोटो कोणी काढला? प्रल्हादला फोन करून एवढं तरी सांगायचं, की काही दिवस मावशीला बाहेर पाठवू नकोस. तेही केलं नाही. अशा गोष्टी दोन दिवसांत विरून जातात, असं मनाशी म्हणाले. ही विरली नाही. आणि मी गप्पच राहिले.

त्याच आठवड्यात मावशी डोळे दाखवायला अकोल्याला गेली. प्रल्हाद हरभऱ्याच्या सोंगणीत अडकला होता, म्हणून एकटीच गेली. परतताना बसस्टँडवर एक लेकरू रडत होतं. तिनं पिशवीतून तिळाचा लाडू काढून त्याच्या हातात दिला. तेवढंच. कोणीतरी मोबाइल काढला, कोणीतरी ओरडलं — तीच आहे, तीच! मग तिचा पदर ओढला, चष्मा पायाखाली गेला. कोणी केस धरले. तेल्हाऱ्याच्या गाडीचा कंडक्टर तिला ओळखत होता. तो आडवा झाला, तिला उचलूनच गाडीत घातलं आणि दार लावून घेतलं. नाहीतर काय झालं असतं, ते मी मनात अनेकदा बघितलं आहे. ते तुम्हाला सांगत नाही.

मी धावत हिवरखेडला गेले. मावशी खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसली होती, मनगट सुजलेलं. प्रल्हाद येरझारा घालत होता. “फोटो आला कुठून?” एवढंच पुन्हा पुन्हा. घरात स्मार्टफोन ज्योतीकडे. तिला आवड होती — कुरडया वाळत घातल्या की फोटो, दारात रांगोळी काढली की फोटो, सगळं स्टेटसवर. प्रल्हादनं तिच्याकडे बघितलं.

“मी नाई काढला,” ज्योती म्हणाली. “आईचा असा फोटो मी काढलाच नाई. देवाशपथ.”

प्रल्हाद माझ्याकडे वळला. कॅमेरा माझ्याकडेही होताच ना. मी — काय सांगू, मी त्या वेळी खरंच तोंड उघडलं होतं. पण माझ्याआधी मावशी बोलली. भिंतीकडे तोंड तसंच ठेवून.

“तिच्याकडं काय पाहून राह्यला? शोभीनं तं माह्या डोयासमोर पुसला व्हता.”

तिनं माझी साक्ष दिली. केसांना धरून ओढल्यावर, दुसऱ्याच दिवशी, तिनं माझी साक्ष दिली. आणि मी उघडलेलं तोंड मिटलं.

प्रल्हादनं ज्योतीचा फोन आपटला. दोन दिवसांनी तिला पातूरला माहेरी धाडली. ती काही महिन्यांनी परत आली, पण मावशीनं तिच्या हातचं पुन्हा खाल्लं नाही. वेगळी चूल मांडली. हात कापत, दिसत नसे, तरी स्वतःची भाकर स्वतः थापायची. घराबाहेर तर ती परत पडलीच नाही. मी गेले की मात्र माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणायची, “सून परकी असते वं, शोभे. घात घरातूनच व्हते.” मी तिच्या केसांवरून हात फिरवायची. होकार देत नसे, नकारही देत नसे. नुसता हात फिरवायची.

फोटो काढून टाकायला मी ज्ञानकोशावर विनंती केली. तिथल्या लोकांनी कारण विचारलं. मावशीची संमती नव्हती, तिनं पुसायला सांगितलं होतं — एवढं लिहिलं असतं तर त्यांनी काढला असता, मला खात्री आहे. मी लिहिलं, फोटोचा दर्जा मला आता कमी वाटतो. ते म्हणाले, दर्जा उत्तम आहे, राहू द्या. तो अजून तिथं आहे.

गेल्या उन्हाळ्यात मावशी गेली. झोपेतच गेली. तेरवीच्या आधी प्रल्हादनं विचारलं, “ताई, तुमच्यापाशी आईचा एखादा चांगला फोटो अशीन ना? हार घालाले.” माझ्याकडे तिच्या हातांचे होते, तोंडाचा एकच. मी म्हटलं, कॉम्प्युटर बिघडला, सगळे गेले. त्यांनी आधार कार्डावरचा मोठा करून घेतला. त्यात मावशी घाबरलेली दिसते.

तेरवीला ज्योती दिवसभर राबत होती. पंगती उठल्यावर मी मागच्या अंगणात गेले, तर ती एकटी भांडी घासत बसली होती. मला बघून तिनं हात थांबवले. राखेनं भरलेले हात तसेच गुडघ्यावर ठेवले.

“ताई, एक इचारू? सगळ्याइनं तं मानलंच. आईबी तसंच समजून गेली. तुमाले तरी… तुमाले वाटते का, मीनंच तो फोटो पाठोला म्हनून?”

आजूबाजूला कोणी नव्हतं. मावशी नव्हती. घाबरायचं कारण सुद्धा उरलं नव्हतं.

मी म्हटलं, “जाऊ दे ज्योती. झालं गेलं. मी तुला केव्हाच माफ केलंय.”

ती मान खाली घालून पुन्हा भांडी घासायला लागली.

संध्याकाळी मी निघाले तेव्हा ती हात पुसत बाहेर आली आणि रीतीप्रमाणे माझ्या पाया पडली. मी पाय मागे घेतले नाहीत.