हसताना तोंडावर हात

माझं हसू म्हणजे दात कमी आणि हिरड्या जास्त. लेकीनं ते जसंच्या तसं उचललं होतं. हसू आलं की आम्हा दोघांचे हात एकदमच तोंडावर जायचे. "बापलेक काय चोरून खाताय?" बायको विचारायची.

मग लेकीच्या जबड्याचं ऑपरेशन झालं. धीर मीच दिला. सूज उतरली आणि खाली एक बेतशीर, नुसत्या दातांचं हसू निघालं. छान दिसतं, खोटं कशाला बोलू?

काल जेवताना मी माझा जुनाच विनोद सांगितला. ती खळखळून हसली. माझा हात सवयीनं वर गेला. तिचा ताटातच, वरणभात कालवत.

"बाबा, हात काढा की! हसा मोकळं."

फितूर माणसं अशीच उदार होतात. दोघं लपवत होतो तेव्हा ती घरची रीत होती. काल पहिल्यांदाच मला लाज वाटली.